आळी, मोहल्ला, कंपाऊंड : भिवंडीच्या अरुंद वाटांचा इतिहास

नगरांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी बहुधा तट, वेशी, देवळे, मशिदी आणि वाडे यांच्यावर खिळते. या वास्तूंवर शिलालेख असतात, त्यांच्या सनदा दप्तरांतून सापडतात आणि त्यांचे कर्ते नामनिर्देशाने ओळखता येतात. अरुंद वाटेच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही. ती कोणी बांधलेली नसते. दोन्ही बाजूंनी घरे उठली म्हणजे मध्ये जे उरते ती वाट होय. तिच्यापाशी एकच पुरावा असतो, तो म्हणजे तिचे नाव. हा पुरावा दुर्बळ मानण्याचा प्रघात आहे, कारण नावे बदलतात आणि लोकव्युत्पत्ती त्यांना भलतेच अर्थ चिकटविते. तथापि व्यक्तिनाम बदलले तरी ‘आळी’, ‘मोहल्ला’, ‘पुरा’, ‘पाडा’ यांसारखी जी सामान्यनामे वाटेच्या नावाच्या शेवटी येतात ती सहसा बदलत नाहीत. ज्या काळात जो समाज वसला त्या काळाची आणि त्या समाजाची वसाहतीविषयीची कल्पना या अंत्यपदांत गोठून राहते. भिवंडीसारख्या नगरात, जेथे भव्य वास्तू थोड्या आणि वाटा पुष्कळ, तेथे या अंत्यपदांकडे दुर्लक्ष करणे म्हणजे हाताशी असलेले दप्तर न उघडण्यासारखेच आहे.

ठाणे जिल्ह्यातील हे नगर कामवारी नदीच्या काठी, खाडीच्या मुखापासून आत आणि सह्याद्रीच्या घाटवाटांपासून खाली, अशा मधल्या जागी वसले आहे. जुन्या लेखांत त्याचा उल्लेख एकटा क्वचितच येतो; ‘कल्याण-भिवंडी’ किंवा ‘कल्याण-भिमडी’ असा जोडनामाने येतो. ‘भिमडी’ आणि ‘भिवंडी’ या दोन रूपांतील भेद लेखनिकांच्या प्रमादाने झालेला नाही. स्वरांमध्ये सापडलेला ‘म’ मराठीत सानुनासिक ‘व’ होतो, हे ‘ग्राम’चे ‘गांव’ व ‘नाम’चे ‘नांव’ झाले यावरून सर्वश्रुत आहे. त्याच न्यायाने ‘भिमडी’चे ‘भिंवडी’ व पुढे अनुनासिक एक अक्षर सरकून ‘भिवंडी’ झाले असे समजण्यास प्रत्यवाय नाही. जोडनाम मात्र अधिक बोलके आहे. कल्याण हे मोठे बंदर आणि भिवंडी हे त्याचे धाकटे भावंड, ही जाणीव सोळाव्या-सतराव्या शतकांतील राजकारणातही दिसते. १६३६ च्या तहानंतर निजामशाहीचा हा मुलूख आदिलशाहीकडे गेला आणि २४ ऑक्टोबर १६५७ रोजी शिवाजी महाराजांच्या फौजांनी कल्याण व भिवंडी ही दोन्ही ठाणी घेतली. पश्चिमेस वसईचा पोर्तुगीज मुलूख अगदी लागून होता. १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती येईपर्यंत भिवंडी हे सीमेवरचे गाव होते. वसईच्या त्या मोहिमेशी ज्यांचे नाव निगडित आहे ते गंगाजी नाईक भिवंडीजवळच्या अंजूरचे. आज ज्या फाट्यावर वाहनांची दाटी होते तो अंजूरफाटा त्याच गावाचे नाव वागवितो.

या गावाच्या जुन्या भागातील वाटांना ‘आळी’ म्हणतात. ब्राह्मण आळी, प्रभू आळी, कासार आळी, कुंभार आळी, काप आळी, ठाणगे आळी ही नावे भिवंडीकरांच्या तोंडी सहज येतात. ‘आळी’ हा शब्द संस्कृत ‘आलि’ म्हणजे ओळ, रांग यापासून आला आहे. संस्कृतातील स्वरमध्यस्थ एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो, जसे ‘काल’चे ‘काळ’, ‘फल’चे ‘फळ’. त्यामुळे हा शब्द मराठीच्या घरचाच, पिढ्यान्‌पिढ्या तोंडी रुळलेला आहे, यात शंका उरत नाही. याउलट ‘गल्ली’ या शब्दातील ‘ल्ल’ तो बाहेरून आल्याची साक्ष देतो. तो घरचा असता तर त्याचे रूप ‘गळी’ असे झाले असते. ‘गळा’ आणि ‘गल्ली’ हे मूळचे एकाच कुळातील शब्द असावेत, पण एक मराठीत वाढला आणि दुसरा शेजाऱ्यांकडून उसना आला.

व्युत्पत्तीपेक्षा अर्थ येथे महत्त्वाचा आहे. ‘आळी’ म्हणजे वाट नव्हे. आळी म्हणजे घरांची रांग. ‘मार्ग’, ‘पथ’, ‘वाट’ हे शब्द चालणाऱ्याच्या दृष्टीने घडलेले आहेत. ‘आळी’ हा शब्द राहणाऱ्याच्या दृष्टीने घडलेला आहे. वाट कोठून कोठे जाते हे आळीच्या नावावरून कळत नाही, तेथे कोण राहते एवढेच कळते. कोकणच्या जुन्या गावांतून घरापुढे ओटी-पडवी असे, पडवीच्या वळचणी पुढे झुकलेल्या असत आणि समोरासमोरच्या दोन वळचणींतून पडणारे पावसाचे पाणी मधल्या जागेतून वाहून जाई. ही मधली जागा कोणी मोजून सोडलेली नसे. तेथे धान्य वाळे, मुले खेळत, लग्नाचा मांडव पडे, आणि प्रसंगी माणसे ये-जा करीत. म्हणजे जाण्यायेण्याचा उपयोग हा त्या जागेच्या अनेक उपयोगांपैकी एक होता. आळी अरुंद होती असे आज आपण म्हणतो, तेव्हा वस्तुतः आपण तिला रस्ता समजून मोजीत असतो. जिने स्वतःला कधी रस्ता मानलेच नाही तिला अरुंद म्हणणे हे पुढच्या काळाचे मोजमाप आहे.

‘कासार’ आणि ‘कुंभार’ ही पदेही याच थराची आहेत. ‘कांस्यकारा’चा ‘कासार’ आणि ‘कुंभकारा’चा ‘कुंभार’ व्हावयास जी शतके लागली ती शतके या भाषेने आणि या धंद्यांनी बरोबर काढली. आळीत धंदा आणि बिऱ्हाड एकत्र असत. कासार आळीत कासार राहत याचा अर्थ त्यांची दुकाने तेथे आणि बिऱ्हाडेही तेथेच. धंदा सुटला, माणसे गेली, तरी आळीने नाव सोडले नाही. या नावांची एक अलीकडची गंमत नोंदविण्याजोगी आहे. रोमन लिपीत ‘आळी’ हा शब्द ‘अली’ या विशेषनामासारखाच लिहिला जातो. त्यामुळे परक्या वाचकास ‘ब्राह्मण आळी’ हा पत्ता ‘ब्राह्मण अली’ असा दिसतो. उर्दूत ‘ळ’ नाही म्हणून तेथेही ‘आळी’ची ‘आली’ होते. भाषेने अजाणता केलेला हा संगम कोणा कवीलाही सुचला नसता.

भिवंडीतील वाटांचा दुसरा मोठा वर्ग ‘मोहल्ला’ या पदाने ओळखला जातो. बंदर मोहल्ला, तांडेल मोहल्ला, सौदागर मोहल्ला, भुसार मोहल्ला ही त्यांतील ठळक नावे. ‘मोहल्ला’ हा अरबी ‘महल्ला’ होय. ज्या धातूपासून तो निघाला त्याचा अर्थ गाठ सोडणे, ओझे उतरविणे, आणि म्हणून मुक्काम करणे असा आहे. महसुली व्यवहारातील ‘महाल’ आणि त्यावरचा ‘महालकरी’ हेही त्याच धातूचे अपत्य. आळीच्या मुळाशी घरांची रांग आहे, तर मोहल्ल्याच्या मुळाशी वाटसरूने उतरविलेले ओझे आहे. बंदरी गावाला हा शब्द किती अन्वर्थक आहे हे निराळे सांगावयास नको. १६५९ मधील पोर्तुगीज पत्रव्यवहारात शहाजीच्या पुत्राने भिवंडी, कल्याण आणि पनवेल येथे लढाऊ गलबते बांधावयास घेतल्याची चिंताग्रस्त नोंद आहे. ज्या खाडीत आज गाळ साचला आहे तीत एके काळी आरमार बांधण्याइतके पाणी, लाकूड आणि कसबी माणसे होती. ‘बंदर’ हा फारसी शब्द आणि ‘तांडेल’ हा पश्चिम किनाऱ्यावर गुजरातेपासून मलबारपर्यंत थोड्याफार फरकाने आढळणारा शब्द. होडीवरच्या मुख्यास तांडेल म्हणतात. या दोन मोहल्ल्यांची नावे खाडीकडे तोंड करून उभी आहेत, आणि खाडी मागे हटल्यावरही ती तशीच उभी राहिली.

भिवंडी हे कोकणी मुसलमानांच्या प्रमुख गावांपैकी एक. अरबी समुद्राच्या व्यापारातून किनाऱ्यावर स्थिरावलेल्या या समाजाची बोली मराठीचीच एक शाखा आहे. तिचे प्रत्यय व क्रियापदे मराठी आहेत, शब्दसंग्रहात मात्र अरबी-फारसीचा भरणा अधिक. तांदूळ, लाकूड, सुकी मासळी यांचा व्यापार यांच्या हाती मोठ्या प्रमाणात होता. ‘भुसार मोहल्ला’ या नावाकडे या दृष्टीने पाहावे. ‘भुसार’ म्हणजे धान्यमाल, हा शब्द अस्सल देशी, ‘मोहल्ला’ अरबी. कोठल्याही दरबारी लेखनिकाने असा समास बनविला नसता. तो बाजारात, मापाच्या आवाजात, दोन्ही भाषा एकाच तोंडात असणाऱ्या माणसांनी बनविला. ‘बाजारपेठ’ हा शब्दही असाच: ‘बाजार’ फारसी, ‘पेठ’ दक्षिणेकडील ‘पेटे’ या शब्दाशी नाते सांगणारा, आणि दोहोंचा अर्थ एकच. ‘कागदपत्र’ या शब्दात जसे दोन परंपरांचे दोन समानार्थी शब्द हात धरून उभे आहेत तसेच हेही. म्हणून ‘आळी’ म्हणजे हिंदूंची आणि ‘मोहल्ला’ म्हणजे मुसलमानांचा, अशी जी सोपी विभागणी पुष्कळदा केली जाते ती वस्तीच्या शिरगणतीला काही अंशी लागू पडली तरी भाषेला मुळीच लागू पडत नाही. भाषेच्या पुराव्यावरून दिसते ते असे की दोन प्रकारच्या वसाहती, एक रांगेची आणि एक मुक्कामाची, एकाच बाजारपेठेला दोन बाजूंनी येऊन मिळाल्या होत्या.

तिसरे पद ‘पुरा’. निजामपुरा, इस्लामपुरा, बंगालपुरा यांत ते येते. ‘पूर’ हे गावाचे पद आणि ‘पुरा’ हे गावाला लागून वाढलेल्या उपनगराचे पद, हा भेद औरंगाबादेस बेगमपुरा, जयसिंगपुरा इत्यादी नावांत चांगला दिसतो. भिवंडीत एक मौजेची गोष्ट अशी की लोक ‘निजामपुरा’ म्हणतात आणि सरकारी दप्तर ‘निजामपूर’ म्हणते. १८६० नंतरच्या दशकात येथे नगरपालिका आली ती ‘भिवंडी-निजामपूर’ या नावाने. एकविसाव्या शतकाच्या आरंभी महानगरपालिका झाल्यावरही ते जोडनाम टिकले. दप्तराच्या दृष्टीने निजामपूर हे दुसरे गाव आहे, रहिवाशांच्या दृष्टीने तो गावाचाच एक पुरा आहे. कल्याणशी असलेली जुनी जोड सुटली आणि भिवंडीने आपल्याच उपनगराशी नवी जोड बांधली, असे या नामांतराचे वर्णन करता येईल.

कल्याणशी जोड सुटण्यास लोहमार्ग कारण झाला. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आणि १८५४ मध्ये ठाणे-कल्याण असा मार्ग सुरू झाला. कल्याण हे जंक्शन झाले आणि भिवंडी बाजूला पडली. १९०१ च्या शिरगणतीत निजामपुरासह भिवंडीची लोकसंख्या १०,३५४ होती. तांदूळ सडणे आणि कापड विणणे हे तेव्हाचे मुख्य उद्योग. हे आकडे मंदावलेल्या गावाचे आहेत. एवढे छोटे गाव पुढे लाखांच्या वस्तीचे नगर होईल असे त्या वेळी कोणास वाटले नसेल. २०११ च्या जनगणनेत ही संख्या सात लाखांवर गेली, आणि तरीही जुन्या आळ्यांची रुंदी तेवढीच राहिली.

लोहमार्गाने जे नेले ते दुसऱ्या मार्गाने परत आणले. मुंबई-आग्रा रस्ता भिवंडीवरून जातो. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडील विणकरांची कुटुंबे, ज्यांना मोमीन किंवा अन्सारी म्हणतात, दक्षिणेकडे निघाली. इंग्लंडहून येणाऱ्या यंत्रनिर्मित कापडाने त्यांचा धंदा आधीच खिळखिळा केला होता, उठावानंतरच्या दडपशाहीने राहणे अशक्य केले. आग्रा रस्त्याच्या कडेची गावे पाहिली म्हणजे त्यांच्या प्रवासाचा मार्ग डोळ्यांपुढे येतो: धुळे, मालेगाव, भिवंडी. या लोकांनी आपल्याबरोबर पूर्वेकडील हिंदीच्या बोली आणल्या, हातमाग आणला, आणि वाट वापरण्याची एक निराळी रीतही आणली.

ही रीत समजल्याखेरीज विणकरांच्या वस्तीतील वाटेचा इतिहास समजत नाही. हातमागावर चढविण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ द्यावी लागते. तिला पाजणी म्हणतात. पाजणीसाठी ताणा त्याच्या पुऱ्या लांबीत ओढून, टेकूंवर तोलून, वाऱ्यात धरावा लागतो. एवढी लांबी कोणाच्याही घरात नसते. म्हणून हातमागाच्या गावांतून सर्वत्र वाटच या कामी येई. पहाटे ऊन चढण्यापूर्वी वाटेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सूत ताणलेले असे, दोन्ही बाजूंनी कुंचले फिरत असत, आणि जाणारायेणारा वाकून किंवा वळसा घालून जाई. वाट ही येथे धंद्याचे हत्यार होती. तिची रुंदी कमी असली तरी चाले, लांबी आणि सरळपणा मात्र हवा. हे काम एकट्यादुकट्याचे नसल्यामुळे शेजाऱ्याचे हात लागत. आज ज्याची त्याची सायझिंगची गिरणी वेगळी, बीम आयता टेम्पोने येतो. पाजणी वाटेवरून उठली आणि तिच्याबरोबर शेजाऱ्याला वाट अडविण्याचा जो मूक परवाना होता तोही उठला.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात भिवंडीत विजेवर चालणारे माग आले. हातमागाचा धोटा हाताने फेकला जाई, त्याचा आवाज मोजका आणि माणसाच्या श्वासाला धरून असे. यंत्रमागाचा आवाज भिंत ओलांडून वाटेत येतो आणि वाटेतून समोरच्या घरात जातो. जुन्या घरांच्या ओट्या-पडव्या बंद करून त्यांत दोन-चार माग बसविणे ही पहिली पायरी झाली. दुसरी पायरी म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या अथवा कौलांच्या लांब शेडी बांधून त्यांत मागांच्या रांगा बसविणे. या दुसऱ्या पायरीवर भिवंडीच्या वाटांना चौथे पद मिळाले: ‘कंपाऊंड’. भंडारी कंपाऊंड, अजंठा कंपाऊंड, बाला कंपाऊंड, पटेल कंपाऊंड अशी नावे गावाच्या सर्व दिशांना पसरली. इंग्रजीतील हा शब्द मलय भाषेतील ‘कांपोंग’ या शब्दापासून आला असे मानतात. ‘कांपोंग’ म्हणजे खेडे किंवा वस्ती. ज्या शब्दाचा मूळ अर्थ माणसांची वस्ती असा होता तो साहेबाच्या बंगल्याभोवतीच्या कुंपणावर येऊन थांबला आणि भिवंडीत येऊन पुन्हा वस्ती झाला. पण ही वस्ती निराळी. आळीला जात अथवा धंदा नाव देई, मोहल्ल्याला बंदर अथवा बाजार नाव देई. कंपाऊंडला जमीनमालक किंवा व्यवसायसंस्था नाव देते. नावात राहणारा नाही, धनी आहे.

कंपाऊंडमधील वाटेच्या रूपाला कायद्यानेही आकार दिला. १९४८ च्या कारखाने अधिनियमान्वये विजेवर चालणाऱ्या आणि दहा किंवा अधिक कामगार असणाऱ्या जागेस कारखान्याचे नियम लागू होत. एकाच छपराखालची मागांची रांग वेगवेगळ्या नावांनी तुकड्यातुकड्यांत विभागली म्हणजे प्रत्येक तुकडा या मर्यादेच्या आत राही. देशभरच्या यंत्रमाग व्यवसायात ही क्लृप्ती सर्रास चालली. तिचा परिणाम असा की प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र दार हवे, प्रत्येक दारापुढे वाट हवी, आणि ती वाट शक्य तितकी अरुंद हवी, कारण वाटेत माग बसत नाही. आळीची वाट घरांनी सोडलेली जागा होती. कंपाऊंडची वाट हिशेबाने कापलेली जागा आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे कधी संपलाच नाही. मुंबईत बंद पडलेले विणकाम मोठ्या प्रमाणात भिवंडीसारख्या केंद्रांकडे वळले आणि आधीच वाढत असलेली मागांची संख्या झपाट्याने फुगली. उत्तर प्रदेश व बिहारमधून कामगार आले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती पद्मानगर येथे आधीपासून होतीच. एकट्याने आलेल्या कामगाराची आळी कोणती? त्याला घर नाही, म्हणून रांग नाही; तो पाळीने झोपतो आणि ‘बिस्सी’त जेवतो. बिस्सी म्हणजे मासिक हिशेबाची खानावळ. भिवंडीतील कामगाराला त्याचा पत्ता विचारला तर तो पुष्कळदा कंपाऊंडचे आणि बिस्सीचे नाव सांगतो. वाटेचे नाव त्याच्या जिभेवर नसते.

आता या वाटांच्या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रकरणाकडे वळले पाहिजे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल उसळली. जळगाव व महाड येथेही त्याचे पडसाद उमटले. न्यायमूर्ती दि. पि. मादन यांच्या चौकशी आयोगाने या घटनांचा तपशीलवार तपास केला. भिवंडीपुरते पाहिले तर आधीच्या काही वर्षांतील वादाचे मुद्दे पुन्हा पुन्हा तेच दिसतात: मिरवणूक कोणत्या वाटेने जावी, निजामपुऱ्यातील जुम्मा मशिदीवरून जावी की नाही, गुलाल आणि घोषणा यांना मर्यादा काय. या वादांमागे राजकीय संघटनांचे हेतू होते, अफवा होत्या, शासनाची ढिलाई होती, हे सर्व खरे. परंतु नगरेतिहासाच्या अभ्यासकाच्या नजरेतून एक मूलभूत गोष्ट निसटता कामा नये. वाद वाटेवरून होता, आणि वाट म्हणजे काय याविषयी दोन कल्पना समोरासमोर उभ्या होत्या.

कायद्याची कल्पना स्वच्छ होती. १९२४ साली प्रिव्ही कौन्सिलने संयुक्त प्रांतातील एका खटल्यात निर्णय दिला की सार्वजनिक रस्त्यावरून धार्मिक मिरवणूक नेण्याचा हक्क सर्व पंथीयांना आहे, मात्र इतरांच्या नेहमीच्या वापरात अडथळा येता कामा नये आणि दंडाधिकाऱ्याचे आदेश पाळले पाहिजेत. तो वाद हिंदू-मुसलमानांचा नव्हता. शियांची मिरवणूक सुन्नींच्या मशिदीवरून नेण्याचा होता. या निर्णयाच्या दृष्टीने रस्ता हा रस्ता आहे. तो कोणाच्या दारावरून जातो हा प्रश्न गौण. आळीची आणि मोहल्ल्याची कल्पना नेमकी उलट. तेथे दार आधी आणि वाट नंतर. अठरा-वीस हातांच्या वाटेत शेकडो माणसे घुसतात तेव्हा कायद्याच्या भाषेत ती सार्वजनिक मार्गावरून चालत असतात, रहिवाशाच्या भाषेत ती त्याच्या ओटीवरून चालत असतात. दोन्ही भाषा आपापल्या जागी खऱ्या आहेत. ज्याला मिरवणुकीने वाट जिंकावयाची असते तो या दोन भाषांमधील फटीचाच उपयोग करून घेतो, आणि वाट जितकी अरुंद तितकी ती फट रुंद. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. या वेळी आग ठाणे व मुंबईपर्यंत पोचली. १९८४ ची जळिते प्रामुख्याने नव्या, कंपाऊंडच्या भागांत अधिक भीषण झाली असे समजणे योग्य होणार नाही, कारण जुने व नवे दोन्ही भाग होरपळले. परंतु जेथे शेजाऱ्याचे नाव शेजाऱ्यास माहीत नव्हते तेथे धीर देणाराही कोणी नव्हता.

यानंतरचे प्रकरण शब्दाच्या इतिहासात अपूर्व म्हणावे लागेल. १९८८ मध्ये भिवंडीचे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी गावभर मोहल्ला समित्या स्थापन केल्या. त्यांची संख्या सुमारे ७० होती. प्रत्येक समितीत दोन्ही समाजांची सामान्य माणसे घेतली गेली, त्या त्या भागातील पोलीस शिपाई तिच्याशी जोडला गेला, आणि नळ, दिवे, भांडणे, उधारी अशा क्षुल्लक वाटणाऱ्या विषयांवर नियमाने बैठका होऊ लागल्या. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना, जिच्याविषयी सर्वांना धास्ती होती ती भिवंडी शांत राहिली. या शांततेची इतर कारणेही सांगितली जातात. यंत्रमागाच्या धंद्यात दोन्ही समाजांचे हितसंबंध गुंतलेले होते, आणि आधीच्या दोन दंगलींचे नुकसान लोकांच्या स्मरणात होते. तथापि समित्यांचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही. भाषेच्या दृष्टीने पाहता लक्षात भरते ते नाव. या समित्यांना प्रभाग समिती म्हटले नाही, शांतता समिती हे जुने सरकारी नावही दिले नाही. ‘मोहल्ला’ हा शब्द ब्राह्मण आळीलाही लागू झाला आणि पद्मानगरालाही. ज्या पदाला लोक एका समाजाची खूण समजू लागले होते ते पद पुन्हा आपल्या मूळ अर्थावर, म्हणजे जेथे माणसे ओझे उतरवून एकत्र राहतात त्या जागेवर, आले. पुढे मुंबईतही दंगलीनंतर या नावाच्या समित्या निघाल्या, आणि ‘मोहल्ला कमिटी’ हा शब्दप्रयोग मराठी वृत्तपत्रांच्या नित्य भाषेत शिरला.

कंपाऊंडला असे भाग्य लाभले नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाऊंडमधील एक इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे झोपेतच मरण पावली. दाट वस्ती आणि चिंचोळ्या वाटा यांमुळे बचावकार्य अवघड झाले. जुन्या आळ्यांतील घरेही जीर्ण आहेत, आणि तेथेही पावसाळ्याच्या तोंडी धोकादायक इमारतींच्या नोटिसा लागतात. दोहोंत भेद एवढाच की आळीतील घर एकमजली असताना जी वाट पुरेशी होती तीच वाट चार मजल्यांना पुरवावी लागली, आणि कंपाऊंडमध्ये ती कोणत्याही काळी पुरेशी नव्हती.

मागांचा धंदा अलीकडे मंदावला आहे. विजेचे दर, सुताचे भाव आणि नव्या शटलविरहित मागांची स्पर्धा यांनी अनेक शेडी बंद पाडल्या. भिवंडीच्या भोवती राहनाळ, पूर्णा, दापोडे, माणकोली, काल्हेर या गावांच्या शेतांत गोदामे उभी राहिली आहेत. मुंबईला आणि पश्चिम भारताला लागणारा माल येथे उतरतो व येथून जातो. ‘गोदाम’ किंवा ‘गुदाम’ हा शब्दही ‘कांपोंग’प्रमाणे मलय बंदरांतून फिरून, पोर्तुगिजांच्या मार्फत मराठीत आलेला. गोदामांच्या वाटा रुंद आहेत, कारण त्या कंटेनरच्या वळणावरून मोजल्या आहेत. त्यांना नावे आहेत ती ‘कॉम्प्लेक्स’ आणि ‘पार्क’ यांची. त्या नावांखाली आकडे आहेत. रात्री तेथे पहारेकऱ्यांखेरीज कोणी राहत नाही. जुन्या गावातील रहिवासी मात्र पत्ता सांगताना आजही कासार आळी किंवा भुसार मोहल्ला असेच सांगतो, आणि रिक्षावाला, त्याची मातृभाषा भोजपुरी असो की तेलुगू, त्याला बरोबर त्याच तोंडाशी आणून सोडतो. आत रिक्षा जात नाही.